घराघरातला कचरा जातो कुठं? गावपातळीवरचा अंदाज काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या गावात किती घरं कचरा जाळतात, किती ओढ्यात टाकतात, आणि हे कळायचं कसं? ग्रामपंचायत असो, नगरपंचायत असो की कॉलेजचा एनएसएसचा गट, हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. अशा पाहण्यांत मी बरीच वर्षं स्वयंसेवकांबरोबर फिरते आहे. तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. हिशोब सोपा जावा म्हणून सगळीकडे एकच गाव मानलंय: लोकसंख्या ८,०००, घरं १,८४०. गाव मानलेलं, त्यामुळे त्याचे आकडेही मानलेलेच. कुठल्या खऱ्या गावाचे म्हणून ते पुढं पाठवू नका.

"अपायकारक विल्हेवाट" म्हणजे नेमकं काय मोजायचं?

हे आधी ठरवलं नाही तर पुढची सगळी पायपीट वाया. एका गटानं नुसतं "कचरा जाळता का" एवढंच विचारलं होतं. पालापाचोळ्याची शेकोटी आणि डायपर-प्लास्टिकचा जाळ एकाच रकान्यात पडला आणि जवळजवळ अख्खं गाव दोषी ठरलं.

आम्ही सहा रकाने ठेवतो. प्लास्टिकसकट उघड्यावर जाळणं. चुलीत किंवा बंबात प्लास्टिक घालणं. नुसता पालापाचोळा जाळणं. ओढ्यात, नाल्यात, गटारात टाकणं. रस्त्याकडेला किंवा पडीक जागेत टाकणं. आणि घरगुती घातक कचरा बाकीच्यात मिसळणं किंवा मोरीत ओतणं. शेवटच्यासाठी २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतली व्याख्या कामाला येते: रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया-सिरिंजा वगैरे.

परसातला खड्डा, गुरांना घातलेलं शिळं, भंगारवाल्याला दिलेली रद्दी यांत मोजू नका. पिशवीची गाठ न सोडता गाईपुढं टाकलेलं शिळं मात्र मोजा.

बंबाचा रकाना बाहेरून आलेले लोक हमखास विसरतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत अंघोळीचं पाणी अजून बंबातच तापतं. पेटवण म्हणून दुधाची पिशवी, चिप्सचं पाकीट, फाटकी चप्पलसुद्धा जाते. घरच्यांच्या लेखी तो कचरा जाळणं नसतोच, ते बंब पेटवणं असतं. वेगळं विचारल्याशिवाय ते उत्तरात येत नाही.

सरकारी आकडे असताना गावाचा वेगळा आकडा कशाला?

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६ व्या फेरीत, म्हणजे जुलै ते डिसेंबर २०१८ मध्ये, घरातला कचरा उचलायची सोय आहे का हे विचारलेलं होतं. ती पाहणी चांगली आहे, पण तिचा नमुना राज्याचं चित्र दाखवण्यासाठी आखलेला होता. तुमच्या गावातली दोन-चार घरं तरी त्यात होती की नाही, देव जाणे. शिवाय सोय आहे का हा एक प्रश्न आणि ती वापरता का हा दुसरा. घंटागाडी सकाळी नऊला येते आणि घरातले दोघंही साडेआठला कामावर जातात, अशा घराला सोय आहे आणि नाहीही.

टक्के कशाचे काढायचे? घरांचे, माणसांचे की किलोंचे?

एकच निवडा आणि प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर लिहा. "२० टक्के घरं कधीतरी जाळतात" आणि "२० टक्के कचरा जळतो" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. वर्षातून दोनदा जाळणारं घर पहिल्या वाक्यात रोज जाळणाऱ्या घराइतकंच भरतं.

म्हणून काळही बांधून घ्या. रोजच्या कचऱ्यासाठी "गेल्या सात दिवसांत". बॅटरी, ट्यूब, औषधं यांसाठी सात दिवस निरुपयोगी, कारण ट्यूब वर्षातून एखादी जाते. तिथं "मागच्या वेळी ट्यूब गेली तेव्हा तिचं काय केलंत?" असं विचारा. "गेल्या सहा महिन्यांत किती ट्यूब टाकल्या?" विचारलं की लोक दोन वर्षांपूर्वीची ट्यूबही प्रामाणिकपणे त्या सहा महिन्यांत आणून बसवतात.

घरं कशी निवडायची?

ग्रामपंचायतीत नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, असते. शहरात घरपट्टीची यादी. १,८४० घरांतून साधारण १६० हवी असतील तर दर अकरावं घर घ्या. सुरुवात १ ते ११ मधल्या कुठल्याही आकड्यानं, पण तो चिठ्ठी टाकून काढा. नाहीतर पहिलं घर सरपंचांच्या शेजारचं निघतं. दार बंद असेल तर शेजारच्या घरात शिरू नका, संध्याकाळी परत जा. दिवसभर बंद असणारी घरं हीच घंटागाडी चुकणारी घरं असतात, ती गाळली की अंदाज आपोआप गोंडस होतो.

यादीत काय नाही हेही बघा. भाडेकरू नसतात. वीटभट्टीवरची कुटुंबं नसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून गाळप संपेपर्यंत गावाबाहेर ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात, त्या तर कुठल्याच यादीत नसतात आणि तिथं घंटागाडीही फिरत नाही. त्यांची वेगळी यादी पायी फिरून करावी लागते. उलट बाजूला, नमुना ८ मधली काही घरं वर्षभर कुलूपबंद असतात, मंडळी पुण्या-मुंबईत. ती वजा करा.

किती घरं पुरतात?

१६० घरं सुटी सुटी निवडली आणि त्यांत सुमारे २१ टक्के घरं जाळणारी निघाली, तर खरा आकडा साधारण १५ ते २८ च्या दरम्यान धरावा. हा चुकीचा पट्टा, म्हणजे आकडा इकडं-तिकडं किती हलू शकतो ते, अर्धा करायचा तर घरं चौपट लागतात. हे ऐकून गटाचा उत्साह दरवेळी निम्म्यावर येतो.

आणि सोय म्हणून एकेका गल्लीतली दहा-दहा घरं घेतलीत, तर पट्टा आणखी रुंदावतो. एका गल्लीतले लोक एकमेकांसारखं वागतात: गाडी त्या गल्लीत वळत नसेल तर दहाही घरं जाळतात. साम्य अगदी थोडं धरलं तरी अशी १६० घरं सुट्या ८० ते ८५ घरांइतकीच माहिती देतात आणि पट्टा १३ ते ३० असा होतो.

लोक खरं सांगतात का?

विचारणारा कोण आणि विचारतो कसं, यावर आहे. एका पाहणीत आमच्याबरोबरचा मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "काकू, तुम्ही कचरा जाळता का?" काकू म्हणाल्या, "छे, छे, आम्ही गाडीतच टाकतो." त्यांच्या पाठीमागं परसात धूर निघत होता. मुलानं "नाही"वर टिक केली.

पुढच्या घरी प्रश्न बदलला. "मावशी, गाडी येत नाही त्या दिवशी कचऱ्याचं काय करता हो?" "काय करणार? दोन दिवस ठेवते, मग वास सुटतो. सुकं असलं तर बंबात, ओलं असलं तर पलीकडं ओढ्याला." "पलीकडं म्हणजे?" "त्या बाभळीपाशी. सगळेच टाकतात."

दोन्ही घरांचं वागणं बहुधा सारखंच असणार. फरक एवढाच की दुसऱ्या प्रश्नात दोष घंटागाडीवर गेला. हे चलाखीनं घडवून आणायचं नाही. बऱ्याच ठिकाणी दोष खरोखर तिचाच असतो. डायपरबद्दलही "कुठं टाकता?" ऐवजी "गाडीवाले डायपर घेतात का?" इथून सुरुवात केली की बोलणं आपोआप पुढं जातं.

आणखी तीन गोष्टी. कचरा बाहेर नेणाऱ्या माणसाला विचारा. कर्ता पुरुष "गाडीतच" म्हणतो, कारण त्याला माहीतच नसतं. नगरपालिकेच्या ओळखपत्राची दोरी गळ्यात घालून जाऊ नका. आणि शाळेतल्या मुलांकरवी घरची माहिती काढू नका. उत्तरं खरी मिळतात हे मान्य, पण पोरांना घरभेदी करून मिळवलेली.

थेट विचारणं अवघडच असेल तर?

मग फासा वापरा. मुलाखतीतल्या लाजिरवाण्या प्रश्नांसाठी स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये नशिबाच्या आडून उत्तर घेण्याची कल्पना मांडली. तिचाच एक सोपा प्रकार गावात चालतो. उत्तर देणारी व्यक्ती आपल्याला न दाखवता फासा टाकते. १ पडला तर काहीही असो, "हो" म्हणायचं. ६ पडला तर "नाही" म्हणायचं. २ ते ५ पडले तर खरं सांगायचं. प्रश्न समजा असा: गेल्या महिन्यात डायपर किंवा सॅनिटरी पॅड ओढ्यात वा रस्त्याकडेला टाकलं का?

तिचा "हो" फाशामुळं आला की खरा आहे, हे कुणालाच कळत नाही, अगदी आपल्यालाही. पण सगळ्या घरांचं मिळून उलगडतं. समजा ३०० घरांतून ११० "हो" आले, म्हणजे ३६.७ टक्के. सगळ्या घरांचा सहावा भाग, म्हणजे १६.७ टक्के, फाशानं सक्तीनं "हो" म्हणायला लावलेला. उरले २०. खरं सांगण्याची पाळी सहापैकी चार वेळा येते, म्हणून २० ला दोन तृतीयांशानं भागायचं: ३० टक्के.

या गुप्ततेची किंमत मोजावी लागते. थेट प्रश्नात ३०० घरांवर चुकीचा पट्टा दोन्ही बाजूंना सुमारे ५-५ टक्क्यांचा असता, तो इथं ८-८ च्या वर जातो. शिवाय फासा पाहिला की काही आज्यांना पाहणीबद्दलच शंका येते. "जुगार खेळवायला आलात व्हय?" असं एकीनं विचारलं होतं. आधी दोन खेळ गमतीचे करून दाखवावे लागतात: आज सकाळी चहा घेतला का, असे.

यादीतल्या किती गोष्टी करता, फक्त संख्या सांगा, ही पद्धत कशी आहे?

निम्म्या घरांना चार निरुपद्रवी कामांची यादी, उरलेल्या निम्म्यांना तीच चार अधिक पाचवं नाजूक काम. लोक फक्त संख्या सांगतात. दोन सरासऱ्यांमधला फरक म्हणजे पाचव्या कामाचं प्रमाण. कागदावर देखणी पद्धत आहे. पण दोन्हीकडे दीडदीडशे घरं असतील तर १.९० आणि २.१५ मधल्या फरकातून निघणारा २५ टक्क्यांचा अंदाज सुमारे २३ टक्के इकडं-तिकडं हलतो. म्हणजे दोनही असेल आणि अठ्ठेचाळीसही. हजारो घरांची पाहणी असेल तर वापरा, गावात नको.

न विचारता, नुसतं बघून अंदाज काढता येतो का?

येतो, आणि मला विचाराल तर जाळण्यासाठी तोच जास्त भरवशाचा. राख खोटं बोलत नाही, आणि तिला दंडाचीही भीती नसते.

आधीच रस्ते ठरवून त्यांवरून ठरलेल्या वेळी चालत जायचं आणि दिसेल तो प्रत्येक जाळ आणि राखेचा डाग नोंदवायचा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला दिल्लीचा अभ्यास असाच रस्त्यांवरून चालून केलेला होता. त्यात शहरात रोज १९० ते २४६ टन कचरा उघड्यावर जळतो असा अंदाज निघाला, म्हणजे निर्माण होणाऱ्या कचऱ्याच्या २ ते ३ टक्के. एवढ्या मोठ्या शहराचाही आकडा त्यांनी पट्ट्यातच दिला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

राख काठीनं उकरून बघा. पालापाचोळ्याची राख पांढुरकी, भुसभुशीत असते, फुंकर मारली की उडते. प्लास्टिक जळालेलं असेल तर काळे, चिवट गोळे मातीला धरून बसतात, आणि त्यांत चकाकणारे तुकडे सापडतात: गुटख्याच्या पुड्यांचा, वेफर्सच्या पाकिटांचा चंदेरी पापुद्रा. तो पूर्ण जळत नाही. डायपरचा आतला भाग बऱ्याचदा अर्धवट करपलेला, फुगलेला राहतो. सीएफएलचे तुकडे दिसले तर मात्र उकरणं थांबवा. एका दिव्यात काही मिलिग्रॅम पारा असतो. एका वळणावर आम्हाला एकाच ढिगात औषधांच्या अकरा रिकाम्या पट्ट्या आणि दोन भरलेल्या सापडल्या. गोळ्या मुदत संपलेल्या. त्या वळणावरच्या एकाही घरानं औषधांच्या प्रश्नाला "हो" म्हटलेलं नव्हतं.

डाग दिसला म्हणून तो समोरच्या घराच्या नावावर टाकू नका. आपल्या बुध गावचे, सातारा जिल्ह्यातले, संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणीच्या प्रयोगांबद्दल एक गोष्ट दाखवून दिली होती: कापणीचा तुकडा फार लहान घेतला की उत्पन्न वाढीव दिसतं, कारण कडेवरची रोपं तुकड्यातच मोजण्याकडे हाताचा कल होतो. राखेचंही तसंच आहे. घराघराला डाग वाटत बसलात की कुंपणावरचा प्रत्येक डाग कुणाच्या तरी माथी बसतो. डाग गल्लीच्या हिशोबात ठेवा.

सगळ्या टाकण्याच्या जागा सापडल्या हे कसं समजायचं?

समजत नाही. पण किती सुटल्या याचा अंदाज मात्र येतो. दोन पथकं वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांना न विचारता, तोच भाग फिरून येऊ देत. पहिल्याला २४ जागा सापडल्या, दुसऱ्याला २०, आणि त्यांतल्या १५ दोघांच्याही यादीत. २४ गुणिले २० भागिले १५, म्हणजे ३२. दोघांनी मिळून पाहिल्या २९, म्हणजे तीनेक जागा अजून लपलेल्या. तळ्यातले मासे मोजायची जुनी युक्ती आहे ही.

एक खोट: चव्हाट्यावरचा उकिरडा दोघांनाही दिसतो आणि विहिरीमागचा कुणालाच नाही. त्यामुळे ३२ हा आकडा कमीत कमी समजा. आडवाटेच्या जागा गुराख्यांना आणि भंगार वेचणाऱ्या बायकांना माहीत असतात. पहिल्याच दिवशी त्यांच्याबरोबर चहा घ्या.

गाडीच्या वजनावरून हिशोब जमतो का?

पडताळा म्हणून उत्तम. आपल्या शहरांत माणशी रोज ०.२ ते ०.६ किलो कचरा धरतात. आपल्या मानलेल्या गावाला ०.३ लावला तर दिवसाला २,४०० किलो. वजनकाट्यावर १,५०० किलो येत असेल तर ९०० किलो कुठं तरी जातंय.

हे ९०० म्हणजे सगळं ओढ्यात, असा मथळा कृपा करून देऊ नका. त्यात गुरांच्या दावणीत गेलेलं, परसातल्या खड्ड्यातलं, भंगारवाल्याचं सगळं आलं. आणि वजनकाट्याऐवजी "फेऱ्या गुणिले गाडीची क्षमता" असा आकडा दिला असेल तर त्यावर विसंबू नका: गाडी भरलेली दिसते ती बऱ्याचदा थर्माकोल आणि नारळाच्या झावळ्यांनी. पावसाळ्यात उलट, तोच कचरा भिजून जड होतो.

जळणारा भाग वेगळा काढायचा तर आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, २००६ च्या मार्गदर्शिकेतली साधी रीत आहे. लोकसंख्या, तिच्यातला जाळणारा हिस्सा, माणशी कचरा, आणि जाळायला घेतलेल्यातला प्रत्यक्ष जळणारा भाग, जो स्थानिक माहिती नसल्यास ०.६ धरतात. २१.५ टक्के लोक जाळतात असं धरू: ८,००० × ०.२१५ × ०.३ × ०.६, म्हणजे रोज सुमारे ३१० किलो. ९०० मध्ये ३१० बसतात. हाच आकडा ९०० च्या वर गेला असता तर कुठला तरी एक गृहीत आकडा चुकीचा, आणि तो शोधेपर्यंत अहवाल छापायचा नाही. हा २१.५ आला कुठून, ते पुढच्या उत्तरात.

भागवार आकडे आले. आता सरासरी काढली की झालं ना?

इथंच सगळ्यात जास्त अहवाल घसरतात. समजा जुन्या पेठेत ९०० घरं, त्यांतली १० टक्के जाळतात. नव्या कॉलनीत ६४० घरं, १५ टक्के. मळ्यांतल्या वस्त्यांवर ३०० घरं, ७० टक्के. तिन्हींची बेरीज करून तिनानं भागलं की ३१.७ येतात. खरा हिशोब घरांच्या संख्येनुसार: ९० अधिक ९६ अधिक २१०, म्हणजे १,८४० पैकी ३९६ घरं. २१.५ टक्के.

दहा टक्क्यांची चूक निव्वळ भागाकाराची. आणि गावाच्या २१.५ पेक्षा मळ्यांतल्या ७० ला जास्त अर्थ आहे. तिथं गाडी जात नाही, एवढंच तो आकडा सांगतोय.

एका प्रभागात फक्त १२ घरं झाली, त्यातली ६ जाळतात. ५० टक्के लिहू का?

नका लिहू. बारा घरांत नशिबाचा खेळ फार. शहराची सरासरी २० असेल तर प्रभागाचा अंदाज थोडा तिकडं ओढून घ्यावा. घरं कमी असली की ओढ जास्त, घरं भरपूर असली की नाहीशी. उदाहरणादाखल, शहराच्या आकड्याला आपण २० घरांइतकं वजन दिलं तर ५० ला वजन १२, २० ला वजन २०, बेरीज भागिले ३२: साधारण ३१ टक्के. किती वजन द्यायचं हे प्रभागा-प्रभागांत मुळात किती फरक आहे त्यावरून काढतात. लहान भागांच्या अंदाजाचं हे स्वतंत्र शास्त्र आहे आणि जवळच्या कॉलेजातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक आनंदानं मदत करतात; त्यांना क्वचितच कुणी विचारायला जातं.

६० घरं पाहिली, एकानंही कीटकनाशकाचा डबा ओढ्यात धुतला नाही म्हणाले. म्हणजे शून्य?

शून्य सापडले, एवढंच. सोपा नियम: तीन भागिले घरं. ३ ÷ ६० म्हणजे ५ टक्के. खरं प्रमाण ५ टक्क्यांपर्यंतही असू शकतं आणि तरीही तुम्हाला एकही घर भेटणार नाही. १,८४० घरांत ५ टक्के म्हणजे ९२ डबे.

पाहणी कोणत्या महिन्यात करावी?

दोनदा करावी. जुलैत गेलात तर जाळ दिसणारच नाही, कारण सगळं ओलं. ओढ्याला मात्र पूर असतो आणि टाकलेलं वाहून गेल्यामुळं तेही दिसत नाही. गावकरी म्हणतात, "पावसाळ्यात गाव स्वच्छ असतं." गाव असतं, खालचं गाव नसतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ, त्यामुळे सगळीकडे शेकोट्या. दिवाळीआधीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्यूबा, रंगाचे डबे, जुनी औषधं एकदम बाहेर पडतात. घातक कचऱ्यासाठी तोच आठवडा पकडा.

वारही बघा. गाडीच्या सुटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फिरलात तर आकडा चढलेला मिळेल.

उपग्रहाच्या चित्रांवरून किंवा तक्रारीच्या अ‍ॅपवरून नाही का होणार?

आग टिपणाऱ्या उपग्रहांची नजर साधारण ३७५ मीटर ते १ किलोमीटरच्या चौकटीची. शेतातलं पाचट पेटलेलं दिसेल, परसातली टोपलीभर आग नाही. अ‍ॅपवरून तक्रारी कुठून येतात ते कळतं, कचरा कुठं आहे ते नाही. कॉलनीतून तक्रारी जास्त येतात कारण तिथं फोन जास्त आणि शेजाऱ्याशी बोलणं कमी.

दोन स्वयंसेवकांचे आकडे अजिबात जुळत नाहीत. कुणाचे घ्यायचे?

हे आधीच कळलं हे नशीब. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधल्या तागाच्या पाहण्यांत एकच नमुना दोन भागांत विस्कटून वेगवेगळ्या पथकांना द्यायची पद्धत पाडली. घरं सारख्याच प्रकारची, पथकं वेगळी. आकडे लांब पडले तर तो घरांमधला फरक नसतो, माणसांमधला असतो. आमच्याकडं एकाला १२ टक्के आणि दुसरीला २९ टक्के आले होते. मग कळलं की तो अंगणातच थांबायचा आणि ती पाणी मागून आत जायची. पाणी पिता पिता बंब दिसतो.

एकाचे खरे मानून दुसऱ्याचे टाकू नका. दोघांना एकमेकांची दहा-दहा घरं द्या.

नावं लिहून घ्यावीत का? नगरपंचायत दंड करू म्हणते आहे.

नावं नकोत, घर नंबरही अंतिम यादीत नको. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळण्यासाठी २५,००० रुपये दंड सांगितलेला आहे. मळ्यातल्या मजूर बाईच्या महिन्याच्या कमाईपुढं ५,००० म्हणजे काय ते सांगायला नको. पाहणीची वही एकदा का दंडाच्या पावतीपुस्तकाला जोडली गेली, की पुढच्या वर्षी सगळं गाव "गाडीतच" म्हणणार.

तक्तेही जपून छापा. पाच-सहा घरांच्या वस्तीचा वेगळा आकडा दिलात तर तो आकडा राहत नाही, बोट दाखवणं होतं. आणि बोट कुणाकडं वळतं ते ठरलेलं असतं. वस्तीतला जाळ रस्त्यावरून दिसतो; बंगल्यातला माळी पालापाचोळ्याबरोबर काय पेटवतो किंवा फ्लॅटच्या संडासात किती गोळ्या वाहून जातात, ते दिसत नाही. सहाच्या सहा रकाने सगळ्या भागांत सारख्या कसोशीनं भरलेत तर हा तिरकेपणा बराच कमी होतो.

शेवटी अहवालात वाक्य कसं लिहायचं?

आम्ही असं लिहितो: "फेब्रुवारीत एकेका गल्लीतली दहा-दहा अशी पाहिलेल्या १६० घरांवरून, गावातली सुमारे पाचपैकी एक घर (१३ ते ३० टक्क्यांदरम्यान) आठवड्यातून एकदा तरी प्लास्टिकसकट कचरा उघड्यावर जाळतात. मळ्यांतल्या वस्त्यांवर हे प्रमाण बरंच जास्त आहे. तिथं पाहणीच्या काळात घंटागाडी जात नव्हती. कोप्यांमधली कुटुंबं यात नाहीत." ग्रामसभेत वाचताना कंस गाळायचा मोह होतो. गाळू नका. एका ग्रामसभेत मी तो वाचल्यावर मागून एकानं विचारलं, "तेरा का तीस, एक काय ते सांगा की!" त्याला म्हटलं, अजून साडेचारशे-पाचशे घरं फिरायला माणसं द्या, मग पट्टा निम्मा करून सांगते. सहा जणांनी नावं दिली; त्यातले चार खरोखर आले.